पांढऱ्या रंगातल्या तारखा

दुपारी तीनच्या सामसुमीत स्वयंपाकघरातून चमचा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. पडल्याचा नाही, ठेवल्याचा. किर्ती पाच वर्षांची आहे. ती चमचा ठेवत नाही, टाकते. मी आत जाऊन पाहिलं तर वरणभात तसाच होता आणि ती खालचा ओठ बोटाने बाहेर ओढून शेगडीच्या चकचकीत कडेत स्वतःचं तोंड बघत होती.

तिला पुन्हा तोंड आलं होतं. ओठाच्या आत चार पांढरे फोड, साबुदाण्याएवढे. महिन्यातली ही तिसरी खेप. दुखतंय का, असं मी विचारलं. ती म्हणाली, वरण गरम नाहीये, पण चावतंय.

डॉक्टरांनी आधीच्या दोन्ही वेळी बी-कॉम्प्लेक्स दिलं होतं, लावायला जेली दिली होती आणि पोट साफ ठेवा म्हणून सांगितलं होतं. तिचं पोट साफच होतं. कोपरांच्या आत खाज मात्र होती, आणि झोपेत ती ती जागा माझ्या हाताला घासायची, मांजराचं पिल्लू घासतं तशी.

आम्ही बेलवलीत राहतो, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. पुढच्या बाजूला सात-सात मजली इमारती झाल्या, मागे आमची स्लॅबची आणि पत्र्याची मिळून अडतीस घरं राहिली. गल्ली संपते तिथे नाला आहे. पहाटे कधीकधी एमआयडीसीकडून वास येतो. कुणाला तो सडक्या कोबीसारखा लागतो, कुणाला नेलपॉलिशसारखा. मग खिडक्या लागतात, गल्लीच्या ग्रुपवर 'आज परत सोडला' असा एक मेसेज पडतो, त्याखाली सात-आठ जण संतापाचे चेहरे टाकतात, आणि सगळे डबे भरायला लागतात. 

काही वर्षांपासून गल्लीतल्या बऱ्याच मुलांना अधूनमधून तोंड यायचं, अंगाला खाज सुटायची. यंदाच्या पावसाळ्यानंतर ते फारच वाढलं. विहार समितीचे सचिव जयदेवभाऊ यांनी ठरवलं की प्रदूषण मंडळाला निवेदन द्यायचं. जयदेवभाऊ पतपेढीत आहेत, कागदाला कागद लागतो हे त्यांना माहीत आहे. नुसतं वास येतो म्हणून भागत नाही, ते म्हणाले. कुठल्या घरातलं मूल, काय त्रास, कधीपासून, अशी यादी जोडायला हवी. ती यादी माझ्याकडे आली, कारण किर्ती होण्याआधी चार वर्षं मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सॅम्पल घ्यायचे आणि रजिस्टर लिहायचे.

मी एक शंभर पानी वही घेतली. घर, मूल, त्रास, तारीख, त्या पहाटे वास होता की नव्हता, असे रकाने आखले. किर्ती बालवाडीत असायची ते अडीच तास आणि दुपारी ती झोपायची तेवढा वेळ माझा. तेवढ्यात चार-पाच घरं होत. बायका बोलायच्या खूप, लिहिण्यासारखं त्यात थोडं असायचं. सरस्वतीवहिनींची दोन्ही मुलं सगळ्यांत जास्त आजारी होती. त्या नाल्याला रोज नव्या शिव्या द्यायच्या आणि मला सांगायच्या, हे पण लिही.

सहा आठवड्यांनी वहीत जे दिसलं ते मला आवडलं नाही. वासाचे दिवस आणि तोंड येण्याचे दिवस जुळत नव्हते. वास सगळ्या गल्लीला येत होता, आजारी मुलं मात्र बाराच घरांत होती. आणि नाल्याला अगदी लागून असलेलं शेवटचं घर इंदुबाईंचं. त्या इथल्या मूळच्या शेतकरी. समोरच्या इमारती त्यांच्याच भातखाचरांवर उभ्या आहेत. घरात तीन नातवंडं, तिघंही ठणठणीत.

इंदुबाईंना मी विचारलं तेव्हा त्या अंगणात सुकट पसरत होत्या. म्हणाल्या, "आमचे पोरांना काय नाय झाला, गो बाय. नाल्याचा वास त आमचे जल्मापासून हाय." आणि मग, मी नाराज झाल्यासारखी दिसले असेन, म्हणून समजूत घालावी तसं म्हणाल्या, "लिव काय तरी. खोकला लिव."

मी खोकला लिहिला नाही.

पाणी तपासावं असं माझ्या मनात आलं. लॅबमधली माझी जुनी मैत्रीण माया आता अंबरनाथला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. मी धुऊन उकळलेली बाटली भरली, चिठ्ठी लावली, तारीख आणि वेळ घातली आणि नेऊन दिली. आठवड्याने अहवाल आला. पाण्यात फिनॉलच्या जातीचं काहीतरी होतं, पिण्याच्या पाण्यात असू नये तेवढं. जयदेवभाऊंनी लगेच त्याच्या पंचवीस झेरॉक्स काढल्या. नाल्याचं पाणी पाइपलाइनमध्ये शिरतंय, हे आता कागदावर आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रुपवर अहवालाचा फोटो फिरला, आणि दोन दिवस गल्लीत मला मान होता.

तिसऱ्या दिवशी मायाचा फोन आला. तिने विचारलं की तुमच्याकडे पाणी कधी येतं. मी म्हटलं, दिवसाआड, सकाळी सहा ते साडेसात.

"मग बाटलीवर दुपारी तीन कसं लिहिलंयस?"

त्या दुपारी नळाला पाणी नव्हतंच. मी बाटली ड्रममधून भरली होती आणि चिठ्ठीवर 'नळ' लिहिलं होतं. आमच्याकडे नळाला तोंड लावून कुणी पाणी पीत नाही, सगळं ड्रममधून होऊन पुढे जातं, त्यामुळे यात काही चुकतंय असं माझ्या हाताला वाटलंच नाही. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या बाटल्यांवर वेळ घातली होती, आणि असली चूक एखाद्या नव्या मुलीने केली असती तर तिला दोनदा ऐकवलं असतं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी दोन बाटल्या भरल्या. एक सव्वासहाला थेट नळाखाली. दुसरी ड्रममधून. नळाचं पाणी स्वच्छ निघालं. ड्रमचं नाही.

आता ड्रमबद्दल सांगायला हवं.

माझे सासरे रामभाऊ एकतीस वर्षं अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते. शेवटची बारा वर्षं ड्रम यार्डात. कंपनीत त्यांच्या नाकाचं नाव होतं. कुठला व्हॉल्व्ह गळतोय हे मशीनच्या आधी रामभाऊ सांगतात, असं त्यांच्या निवृत्तीच्या भाषणात साहेब म्हणाले होते. ती व्हिडिओ क्लिप आमच्या टीव्हीवर दर वर्षी एकदा लागते. गल्लीत कुणाचा नवा संसार मांडला, कुणाचं लग्न झालं, कुणी भावापासून चूल वेगळी केली, कुणाला पहिलं मूल झालं, की रामभाऊ त्या घराला ड्रम देतात. निळा, दोनशे लिटरचा, झाकणाचा. तो ते स्वतः निवडून आणतात, नाकाने पारखतात, चिंचेच्या पाण्याने आणि सोड्याने घासतात, तीन दिवस उन्हात पालथा घालतात. मग पांढऱ्या ऑइलपेंटने त्यावर घराचं नाव आणि तारीख लिहितात. त्यांचं अक्षर सुंदर आहे. बुद्धवंदना झाली की घरातली सर्वांत मोठी बाई त्यात पहिला तांब्या ओतते. रामभाऊ एक पेढा खातात, दुसरं काही घेत नाहीत. आमच्या गल्लीत अहेर विसरला जाईल, रामभाऊंचा ड्रम नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या ड्रमवर 'किर्ती' असं लिहिलंय आणि खाली ऑक्टोबर २०२०.

मी पुन्हा घरोघर फिरले. या वेळी मुलांची तोंडं बघायचं निमित्त होतं, बघत होते ड्रमवरच्या तारखा. आजारी मुलं असलेल्या बारांपैकी अकरा घरांतले ड्रम २०२० च्या उन्हाळ्यानंतरचे होते. बारावं घर चांगुणाकाकूंचं. त्यांचा ड्रम जुना, पण त्या नव्या ड्रमवाल्या शेजारणीकडून पाणी घेत होत्या, कारण स्वतःचा गळत होता. एका घरात नवा ड्रम होता आणि मूल बरं होतं. ते त्यात कपड्यांचं पाणी ठेवत. जुन्या ड्रमवाल्या बाकी कुठल्याच घरात काही नव्हतं. इंदुबाईंकडे ड्रमच नव्हता. पितळेचे हंडे, ओळीने, चिंचेने घासलेले.

मायाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की प्लास्टिक आतून पितं आणि मग हळूहळू सोडत राहतं. घासून वरचं जातं, मुरलेलं जात नाही. आधी ड्रममध्ये काय होतं यावर सगळं आहे.

त्या दिवसापासून किर्तीसाठी मी नळाखाली स्टीलची पातेली भरून ठेवू लागले. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दुसऱ्याच दिवशी विचारलं की ड्रम का भरला नाही. मी म्हटलं, धुवायला काढलाय. ते म्हणाले, मी धुतो, तू कशाला. आणि धुतला. भर दुपारी, गुडघा धरत, चिंच आणि सोडा घेऊन. किर्ती शेजारी बसून त्यांना नारळाची शेंडी देत होती.

नरेंद्रला, माझ्या नवऱ्याला, मी सगळं सांगितलं. त्याने वही दोनदा वाचली. तो म्हणाला की एकदम बाबांना सांगू नकोस, त्यांच्याकडे आता तेवढंच आहे. हे त्याने सांगायची गरज नव्हती. सासूबाई गेल्यापासून बाबांचे दिवस दोनच प्रकारचे असतात, कुणाला ड्रम द्यायचा असतो ते आणि बाकीचे.

जयदेवभाऊंना मात्र सांगणं भाग होतं, यादी त्यांना द्यायची होती. त्यांनी रकाने बघितले, चष्मा काढला, पुसला.

"वहिनी, हा तारखांचा रकाना काढून टाका."

मी म्हटलं, तोच तर खरा रकाना आहे.

"कंपनीवाले हसतील. म्हणतील, तुमचाच माणूस, तुमचाच ड्रम. आमचा काय संबंध?"

ड्रम कंपनीतूनच आलाय ना, असं मी म्हटलं.

"कुठल्या? चिठ्ठी आहे त्यावर? पावती आहे?" मग त्यांचा आवाज उतरला. "आणि रामभाऊंना कोण सांगणार? तुम्ही? मी तर नाही सांगणार. माझ्या लग्नातला ड्रम आहे त्यांचा, अजून चालतोय."

त्यांचा ड्रम २००९ चा होता. तो चालणारच.

यादी मी दिली नाही. रकानाही काढून टाकला नाही. वही धान्याच्या डब्यामागे ठेवली आणि आठवडा गेला. त्या आठवड्यात सरस्वतीवहिनींच्या धाकट्याला तापात सलाइन लावावं लागलं. त्याला काही गिळता येत नव्हतं.

त्याच शनिवारी बाबांनी मला विचारलं की उल्हासनगरला येतेस का. गल्लीतल्या जितेशने लग्नानंतर वेगळी खोली घेतली होती, त्याला ड्रम द्यायचा होता. गुडघ्यामुळे ड्रम उलटापालटा करायला सोबत लागते. मी हो म्हटलं. किर्तीला ठेवायला कुणी नव्हतं, तीही आली.

निवृत्तीनंतर बाबा ड्रम कंपनीतून आणत नाहीत, जुने ड्रम विकणाऱ्या धर्मेशच्या गोडाऊनमधून आणतात, हे मला माहीत होतं. ते गोडाऊन मी पाहिलं नव्हतं. जीन्सचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या जातात त्या रस्त्याला आत वळलं की पत्र्याची मोठी शेड, आणि तिच्यात छतापर्यंत निळ्या ड्रमांची भिंत. चिठ्ठ्या खरवडलेल्या. धर्मेशने किर्तीला बिस्किटाचा पुडा दिला आणि बाबांना खुर्ची. आपल्या माणसाला म्हणाला, "काका को पीछेवाला माल दिखा. काका का नाक मतलब लॅब."

बाबा खूश झाले. त्यांनी तीन ड्रम बोटांच्या पेरांनी वाजवून बाजूला सारले, चौथा निवडला. झाकणाची लोखंडी कडी सैल केली, डावी नाकपुडी बोटाने दाबली, वाकून एक लांब श्वास घेतला. डोळे मिटले. सगळं इतकं नेटकं, की बघणाऱ्यालाही आपण काहीतरी हुंगतोय असं वाटावं.

"एकदम कोरा," ते म्हणाले.

मी वाकले. श्वास घ्यायच्या आतच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्याची फरशी आणि जळलेली वायर, दोन्ही एकदम. मी मागे सरले. तीन हातांवर बिस्किट खात उभी असलेली किर्ती "शी, औषध" म्हणाली आणि तिने माझ्या ओढणीत नाक खुपसलं.

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येतोय?"

"हो, बाबा."

"किती?"

मी डोळे पुसत होते, ते त्यांना दिसत होतं.

ते पुन्हा वाकले. या वेळी नाकपुडी दाबली नाही, सगळा चेहराच ड्रममध्ये घातला आणि तसेच राहिले. आतून श्वासांचे आवाज येत होते, एकामागून एक, घुमलेले. किर्तीला वाटलं आजोबा लपाछपीत राज्य घेताहेत. ती मोठ्याने मोजू लागली. दहा झाले, तिने परत एकपासून सुरू केलं. धर्मेश मोबाइलमध्ये बघत होता.

बाबा वर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर ड्रमच्या काठाचा अर्धगोल उमटला होता.

"लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचा वास गेला, तेव्हा माझाही गेला," ते म्हणाले. "सगळ्यांचा परत आला."

नंतर थोड्या वेळाने, धर्मेशला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "मला वाटलं येईल."

मी धर्मेशला विचारलं की हे ड्रम कुठून येतात. तो चिडला नाही. म्हणाला, "दीदी, दस जगह से माल आता है. अंदर क्या था, मेरे को भी नहीं पता. काका पास करते थे, तो मैं समझा पास है." बाबांच्या हातात त्याने पाण्याचा ग्लास दिला. ड्रम आम्ही घेतला नाही.

रिक्षात किर्ती बाबांच्या मांडीवर झोपली. अंबरनाथची कानसई मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "वही कशाची लिहितेस ती?" त्यांना वही माहीत होती म्हणजे. घरी आल्यावर मी ती डब्यामागून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली, बोट ओळीखाली ठेवून. नावं त्यांच्या ओळखीचीच होती. तारखा त्यांनीच लिहिलेल्या होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि ते दोन दिवस कट्ट्यावर गेले नाहीत. जेवायला बसत, दोन घास खात. नरेंद्र माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. मी केलं ते बरोबर होतं यात मला शंका नव्हती, पण त्यांच्या ताटाकडे बघताना त्याचा काही उपयोग होत नव्हता.

मंगळवारी पाण्याचा दिवस होता. बाबा सहाच्या आधी उठले. दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. ड्रम द्यायला जाताना घालतात तोच. एका हातात लोखंड कापायची करवत, दुसऱ्यात माझी वही. म्हणाले, "तू नावं वाच. मला चुकायला नको."

पहिलं घर सरस्वतीवहिनींचं होतं. मुलगा आदल्या दिवशीच दवाखान्यातून आला होता, पलंगावर पडून टीव्ही बघत होता. बाबांनी उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. नाक गेल्याचं सांगितलं, किती वर्षं झाली ते सांगितलं, कुणाला सांगितलं नाही तेही. सरस्वतीवहिनी ऐकत राहिल्या. त्या भांडतील अशी माझी तयारी होती.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पोरांची तोंडं सोलली आणि मी नाल्याला शिव्या घालत बसले."

बाबांनी हात जोडले. वहिनी बाजूला झाल्या. मी ड्रममधलं पाणी मोरीत सोडलं, बाबांनी ड्रम आडवा घातला आणि तळ कापला, परत कुणी वापरू नये म्हणून. प्लास्टिक कापताना करवत लोखंडावर वाजते तशी वाजत नाही, घशात अडकल्यासारखी वाजते. निळा भुसा पडत होता. तो गोळा करायला आलेल्या मुलांना मी हाकललं.

दुसऱ्या घरापर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि तिसऱ्या घराशी जयदेवभाऊ आले, अर्धी दाढी झालेली, टॉवेल खांद्यावर.

"भाऊ, आठवडाभर थांबा. निवेदन जाऊ दे, मग कापा. आत्ता कापलंत तर पुरावा पण जाईल आणि सगळं आपल्याच अंगावर येईल."

"आठवडाभर मुलांनी काय प्यायचं?" बाबांनी विचारलं.

जयदेवभाऊंनी टॉवेलने दाढीचा फेस पुसला. पुराव्याचं मात्र त्यांचं बरोबर होतं. म्हणून मी प्रत्येक ड्रममधून आधी एक बाटली भरून घेऊ लागले. चिठ्ठीवर घर, वेळ आणि 'ड्रम' असं नीट लिहून. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि मग ते बाटल्या धरून आमच्यामागे चालू लागले.

सगळीकडे सोपं झालं नाही. एका घरात ड्रम कापायला दिलाच नाही. पाणी काय ओंजळीत भरू का, असं तिथल्या सासूबाईंनी विचारलं. चांगुणाकाकूंनी, ज्यांचा स्वतःचा ड्रम यादीत नव्हताच, दारातून ओरडून सांगितलं की पेढे खाताना बरं नाक चालत होतं. कुणीतरी हसलं. बाबाही हसले, म्हणाले, पेढ्याचीसुद्धा चव नव्हती चांगुणा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खात होतो. हे खरं होतं, का त्यांनी ते तिथल्या तिथे रचलं, ते मला कळलं नाही. शेवटी इंदुबाईंनी नातवंडांच्या हाती सहा पितळी हंडे पाठवले आणि निरोप दिला की सवडीने परत द्या, पन राखेने नका घासू. ज्यांनी ड्रम धरून ठेवला होता, त्या सासूबाईंनी दोन हंडे घेतले आणि ड्रम बाहेर ढकलला.

आमच्या घरचा शेवटचा. 'किर्ती' नावाचा तो ड्रम कापायला बाबांना बराच वेळ लागला. तळच कापायचा होता, तरी ड्रम फिरवताना अक्षरं वर येत होती आणि ते थांबत होते.

निवेदन गेलं. तारखांच्या रकान्यासह, त्या बाटल्यांच्या अहवालांसह. जयदेवभाऊंनी शेवटी एक परिच्छेद स्वतःच्या हाताने वाढवला, वापरलेले ड्रम कारखान्यांच्या फाटकाबाहेर चिठ्ठीशिवाय का पडतात, याबद्दल. पोच मिळाली, शिक्का आहे. पुढचं अजून काही आलेलं नाही. पहाटेचा वास येतो तसाच येतो, आणि ग्रुपवर मेसेज पडतो. गल्लीतले लोक हळूहळू नव्या टाक्या, स्टीलच्या कोठ्या घेताहेत. बाबा कुणाला काही देत नाहीत. कुणी नवी टाकी आणली की त्यावर नाव घालायला त्यांना बोलावतात. दोनदा गेले, एकदा गुडघा दुखतोय म्हणाले.

मी किर्तीचं रक्त तपासून घेतलं. लिव्हर, किडनी, सगळं नॉर्मल आलं. मी मायाला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे. मी विचारलं, म्हणजे काही नाही ना? तिने आकडे परत एकदा वाचायला लावले. मग म्हणाली की या तपासण्या जे मोजतात ते नॉर्मल आहे. बाकीचं कुणी मोजत नाही गं, मोजायचं कसं तेच ठरलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात किर्तीच्या तोंडातले फोड गेले. कोपरांच्या आतली कातडी अजून जरा खरखरीत आहे. रविवारी दुपारी ती ओट्यावर बसून वरणभात जेवत होती, चमचा टाकत, उचलत, पुन्हा टाकत. बाबा शेजारी तिच्यासाठी भेंडीची टोकं वेगळी काढून खेळायला देत होते. तिने हंड्यातलं पाणी मागितलं. मी ग्लास भरून दिला. तिने तो संपवला, तोंड पुसलं आणि पोटावर हात ठेवून आत काही वाजतंय का ते ऐकत असल्यासारखी बसली.

"आई," ती म्हणाली, "ड्रम तर आजोबांनी कापला. पण मी आधी प्यायले ते पाणी कोण काढणार?"